राणीची वामकुक्षी

सकवारबाईंनी बाहुल्यांचा विषय काढला तेव्हा त्यांची सून ऊर्मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. विषय ऐकून तिच्या हातून एकही ताट पडलं नाही, पण याची नोंद कुणी घेतली नाही. या घरात आल्यापासून तिच्या न पडलेल्या ताटांची नोंद कुणी घेतलीच नव्हती. पडलेल्याची मात्र चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, आवडीला राहणाऱ्या नणंदेपर्यंत पोचली होती.

"यंदा गोलू नको गे," सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. "माझा गुडघा हा असा. बाहुल्या अस्क्या रंजनी घेऊन जाऊं दे. तिला रीत ठावी आहे."

गोलू म्हणजे नवरात्रात दिवाणखान्यात पायऱ्या मांडायच्या, त्यांवर देवादिकांपासून वाणी-वाणिणीपर्यंत सगळ्या बाहुल्यांचा दरबार भरवायचा आणि संध्याकाळी येणाऱ्या बायकांना हळदकुंकू आणि उसळ द्यायची. उसळीला इथे सुंडल म्हणतात. सासूबाईंचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी टिकली, पण नवरात्रातल्या घटाशेजारी गोलू येऊन बसला आणि बघता बघता घटापेक्षा मोठा झाला. या बाहुल्या सासूकडून सुनेकडे जात. सकवारबाईंना त्यांच्या सासूनं दिल्या, तिला तिच्या सासूनं. आता त्या सगळ्याच्या सगळ्या लेकीकडे, म्हणजे आवडीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या रंजनीकडे चालल्या होत्या. आणि सून धडधाकट होती, नंगनल्लूरच्या त्याच फ्लॅटमध्ये उभी राहून ताटं पुसत होती. इतका स्वच्छ निकाल कोर्टातसुद्धा लागत नाही.

ऊर्मी मूळची कराडची. सासूशी जमवून घ्यायचं हे तिनं लग्नाआधीच ठरवलं होतं आणि ऑफिसातल्या एखाद्या प्रोजेक्टसारखं मनावर घेतलं होतं. कांदा-लसूण मसाल्याची बरणी तिनं स्वतःहून गॅलरीत हद्दपार केली होती. कॉफीच्या फिल्टरमध्ये पूड किती दाबायची हे ती रोज शिकत होती आणि रोज थोडं कमी किंवा थोडं जास्त दाबत होती. सासूबाई रागवत नसत, हीच अडचण होती. रागवल्या असत्या तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, माहेरी फोन करता आला असता. त्या फक्त कपातली कॉफी एकदा बघत, "असूं दे" म्हणत आणि पिऊन टाकत. त्या "असूं दे"नं ऊर्मी पार थकून गेली होती.

नवऱ्याचा तिला आधार होता, पण तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. व्यंकटेश तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवायचा आणि शिफ्टभर त्याचा फोन लॉकरमध्ये असायचा. घरी आल्यावर तो दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचा आणि ऐकता ऐकता झोपायचा.

तर ऊर्मीनं ताट खाली ठेवलं आणि दारात जाऊन सांगितलं, "आई, बाहुल्या कुठे पाठवू नका. गोलू मी मांडते." तोंडातून शब्द गेले आणि त्याच क्षणी तिला पश्चात्ताप झाला, पण गेलेले शब्द परत घ्यायला सासर ही जागा नव्हे. सासूबाईंनी तिच्याकडे, कॉफीकडे बघतात तसं बघितलं. "मांड," त्या म्हणाल्या. "जमलें तर राहतील. नाही तर रंजनी आहेच."

इथून सगळं बिनसत गेलं. पायऱ्यांचा लोखंडी सांगाडा माळ्यावर होता, पण त्याचे नटबोल्ट सासऱ्यांनी जपून ठेवले होते आणि इतके जपून ठेवले होते की ते त्यांनाही सापडेनात. सासरे नागोजीराव आवडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं मुळात कमी, त्यात कानाचं यंत्र लावायचा कंटाळा, आणि चेहरा जन्मतःच सुतकी. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते कुणाला तरी पोचवायला आल्यासारखे दिसतात. त्यांना नटबोल्टबद्दल तीनदा विचारल्यावर त्यांनी खिन्नपणे मान हलवली, आणि ऊर्मीनं गिंडीच्या ऑफिसातून येताना नवे आणले. ते मापात बसले नाहीत; तिसऱ्या खेपेला आणलेले बसले.

मग सल्ले आले. समोरच्या फ्लॅटमधली सौम्या म्हणाली, पायऱ्या विषमच हव्यात. तळमजल्यावरच्या एका मामींनी येऊन सांगितलं, देव वर, संत मध्ये, माणसं खाली, आणि प्राणी कुठे यावर घराण्याघराण्यात मतभेद आहेत. रंजनी व्हिडिओ कॉलवर होती. तिला ऊर्मीनं फोन धरून एकेक पायरी दाखवली आणि तिनं एकेक पायरी बदलायला लावली. प्लॅस्टिकच्या क्रिकेट टीमला चौथ्या पायरीवर जागा मिळाली हे रंजनीनं बघितलं. तिनं मोठा श्वास घेतला आणि तो आवडीहून इथपर्यंत ऐकू आला.

सोसायटीचे सेक्रेटरी पद्मनाभ हे निवृत्त अधिकारी, आणि निवृत्त झालो हे त्यांनी अजून मान्य केलं नव्हतं. गोलूला येणाऱ्या बायकांनी चपला कुठे काढायच्या, हा प्रश्न त्यांनी उभा केला. जिन्यात नको, लिफ्टसमोर नको, पॅसेजमध्ये तर मुळीच नको. ऊर्मीनं विचारलं, मग बायकांनी चपला हातात धरून हळदकुंकू घ्यायचं का? त्यावर त्यांनी हा मुद्दा कमिटीसमोर ठेवतो असं सांगितलं. नागोजीरावांच्या स्कूटरवरून त्यांच्याशी जुना वाद होता, त्याचा सूड चपलांवर निघाला असावा, असं ऊर्मीचं मत पडलं. अखेर चपला घरातच, धुण्याच्या मशीनशेजारी ठेवायच्या ठरल्या.

एवढं सगळं होऊन गोलू उभा राहिला, आणि चांगला उभा राहिला. वरच्या पायरीवर राजा आणि राणी होते. तांबड्या लाकडाची ही जोडी सकवारबाईंच्या लग्नात आलेली, सगळ्या दरबाराची मालक. राणीला दरवर्षी नवं वस्त्र लागतं. ऊर्मीनं स्वतःच्या शालूच्या ब्लाउजपिसातून उरलेल्या तुकड्याची तिला नऊवारी नेसवली, हातानं टाके घालून. काम सुबक झालं, पण पाठीमागे कासोटा जरा जास्तच फुगला आणि त्यामुळे राणी थोडी पुढे झुकून, कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकत असल्यासारखी उभी राहिली. सासूबाई वॉकर घेऊन बाहेर आल्या, राणीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "असूं दे," म्हणाल्या.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी ऊर्मी घरून काम करत होती. सासूबाईंना रात्रभर गुडघ्यानं झोप लागली नव्हती. दुपारी गोळी घेऊन त्यांचा डोळा लागला, तेव्हा तिनं खोलीचं दार ओढून घेतलं, सासरे खाली झाडाखालच्या बाकावर पेपर घेऊन गेले, आणि ती दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली. चेन्नईची दुपार, पंखा पाचवर. मीटिंग चालू असताना तिला दिसलं की वाऱ्यानं राणी डुलते आहे. कासोट्यामुळे मुळात पुढे झुकलेली, आता ती कपाळमोक्षाच्या बेतात होती. ऊर्मी उठली. पंखा बंद करणं अशक्य होतं. मग तिनं राणीला अलगद आडवं केलं, आणि नुसत्या लोखंडावर कसं निजवायचं म्हणून डोक्याखाली रुमालाची घडी ठेवली. संध्याकाळी उभी करू, असं म्हणून ती मीटिंगला परत बसली.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. ती ऊर्मीला कुणी सांगितली नव्हती, कारण ती तिथे सगळ्यांना माहीतच असते. दसऱ्याच्या रात्री गोलूतली एक बाहुली आडवी करून निजवतात. त्याचा अर्थ दरबार उठला, यंदाचं नवरात्र संपलं. त्याआधी कुठलीही बाहुली आडवी करायची नसते आणि एकदा केली की त्या वर्षी परत उभी करायची नसते. मध्येच एखाद्या घरी बाहुली निजलेली दिसली, तर बायका एकच समजतात, की घरात माणूस गेलं, सुतक लागलं, गोलू गुंडाळला.

सौम्या जरीची साडी नेसून, गजरा माळून, आरतीचं गाणं गुणगुणत आत आली. गोलूकडे बघून तिचं गाणं थांबलं. तिनं निजलेल्या राणीकडे पाहिलं, उशाच्या रुमालाकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या बंद दाराकडे पाहिलं. ऊर्मीच्या कानात हेडफोन होता आणि साहेब बोलत होते. सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दमलेल्या चेहऱ्यानं नुसती मान हलवली. सौम्याचे डोळे भरून आले. तिनं ऊर्मीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळदकुंकू न घेताच निघून गेली. कुंकू न घेता सवाशीण दारातून परत गेली, हे ऊर्मीच्या मनाला फार लागलं.

सौम्याकडून बातमी पद्मनाभांकडे गेली. ते बाकावर बसलेल्या नागोजीरावांजवळ गेले आणि हळू आवाजात काही बोलत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. स्कूटरच्या वादानंतर पद्मनाभांनी आपल्याला हात लावलेला नागोजीरावांना आठवत नव्हता. त्यांना भरून आलं. कानात यंत्र नव्हतं, त्यामुळे समोरचा काय म्हणतो ते कळलं नाही, पण म्हातारपणी समेट झाला याचं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे पुसले. पद्मनाभांना आणखी पुराव्याची गरज राहिली नाही. आणि खरं तर विचारतो कोण? अशा वेळी विचारायचं नसतं, व्यवस्था करायची असते. पद्मनाभ कित्येक वर्षं एखाद्या व्यवस्थेची वाट बघत होते.

वर ऊर्मीची मीटिंग संपते न संपते तोच बायका येऊ लागल्या आणि राणीला उठवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. एकेक येऊन भिंतीला टेकून बसे आणि गप्प राही. ऊर्मीनं सुंडल पुढे केलं, कुणी हात लावला नाही. कुंकवाचा करंडा पुढे केला, बायका चटका बसल्यासारख्या मागे सरकल्या. सुंडलात मीठ जास्त पडलं असेल म्हणून तिनं घाईघाईनं चवळीचं नवं केलं, खोबरं घातलं, स्वतः चाखून बघितलं. तेही नको. आणि मग सौम्या इडल्यांचा डबा आणि कॉफीचा थर्मास घेऊन आली, ऊर्मीला बळंच बसवलं आणि म्हणाली, आज चूल पेटवू नकोस, दोन दिवस आम्ही आणून देऊ. ऊर्मीनं मान खाली घालून इडली खाल्ली. आपला स्वयंपाक वाईट आहे हे तिला सुचवून झालं होतं, पण बिल्डिंगनं मिळून तो बंद पाडावा, एवढा वाईट असेल असं तिला वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट मनाला उभारी देणारी घडली. तिनं गॅलरीतून खाली पाहिलं, तर गेटशी मांडव घातला जात होता आणि ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या. चपलांना जागा न देणाऱ्या पद्मनाभांनी गोलूच्या पाहुण्यांसाठी मांडव घातला, हे बघून तिला भरून आलं. तिनं वरून हात जोडले. पद्मनाभांनी खालून हात जोडले आणि मान खाली घातली.

ही उभारी जिन्यात पावलं वाजेपर्यंत टिकली. लिफ्टमधून नाही, जिन्यावरूनच दोन माणसं धापा टाकत वर आली, कारण त्यांनी आणलेली वस्तू लिफ्टमध्ये मावत नव्हती. काचेचं झाकण असलेली लांब पेटी होती, खाली यंत्र, मागे वायर. त्यातला एक जण दारात उभा राहून विचारू लागला, प्लग पॉइंट कुठे आहे. ऊर्मीनं पेटीकडे पाहिलं. माणसाच्या मापाची थंड पेटी कशासाठी असते हे कळायला तमिळ यावं लागत नाही. तिनं भिंतीला टेकलेल्या बायकांकडे पाहिलं आणि मग निजलेल्या राणीकडे पाहिलं.

"कोण गेलें?" मागून आवाज आला.

सकवारबाई वॉकर धरून खोलीच्या दारात उभ्या होत्या. एका मामींनी नुकताच हुंदका काढायला घेतला होता, तो घशातच राहिला. प्लगवाला पुढे सरकला आणि पेटी इथेच ठेवू का, असं त्यानं खुद्द सकवारबाईंनाच विचारलं. पद्मनाभ त्याच्या मागोमाग आले होते. त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि खालच्या आवाजात म्हणाले की माहितीत थोडी तांत्रिक चूक झालेली दिसते. सौम्यानं राणीकडे बोट दाखवून रडत रडत सगळं सांगितलं.

तेवढ्यात जिन्यातूनच रडण्याचा आवाज आला. आवडीहून रंजनी आली होती. तिला कुणी तरी फोन केला होता, ऊर्मीचा फोन मीटिंगसाठी मुका होता आणि व्यंकटेशचा लॉकरमध्ये. ती आत धावली, आईला वॉकरसकट मिठी मारली, पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि वळली. जिवंत आईचा आनंद झाला की माणसाला चिडायलाही जोर येतो.

"राणीला आडवें केलंस?" ती ऊर्मीला म्हणाली. "तिसऱ्या दिवशीं? वर उशी घालून? आतां ती उठवतां येत नाही. गोलू संपला. आई, गाडी खालीं आहे, मी बाहुल्या आत्तांच बांधते."

बायकांनी माना डोलावल्या. निजवलेली बाहुली उठवत नाहीत, हे सगळ्यांना मान्य होतं. ऊर्मीच्या मनात आलं, जाऊ दे. न्या त्या बाहुल्या, न्या ती कॉफी, ते नटबोल्ट, सगळं. सहा महिने ती एका परीक्षेला बसली होती आणि निकाल लागला, एवढंच. पण निकालाबरोबर तिला रडू येईल हे तिला माहीत नव्हतं.

"पंख्यानं डुलत होती," ती म्हणाली. "पडली असती तर तिचा हात मोडला असता. तुमच्या लग्नातली आहे ती, आई. मला माहीत नव्हतं निजवायचं नसतं. विचारलं असतं, पण तुमचा नुकता डोळा लागला होता. रात्रभर झोप नव्हती तुम्हाला."

 सकवारबाई वॉकर टेकत टेकत गोलूपाशी गेल्या. त्यांनी राणीकडे बघितलं, रुमालाची घडी बोटानं चाचपून बघितली. कॉफी बघतात तसंच बघितलं, आणि ऊर्मी "असूं दे"ची वाट बघत उभी राहिली.

"येवढा गोंधळ कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरची रीत आहे ती. राणी दुपारीं निजते. दिवेलागणीला उठते."

रंजनी आईकडे बघत राहिली. "कधींपासून?"

"तंजावरापासून."

"मी कधीं पाहिलें नाही."

"तूं दुपारीं शाळेंत असायचीस," सकवारबाई म्हणाल्या. "तुला कसें ठावें?"

 भिंतीजवळच्या एका मामींनी सांगितलं की कुंभकोणमला त्यांच्या आत्याकडे असंच काहीतरी असायचं. दुसरीला तर ते स्पष्ट आठवलं. पद्मनाभांनीही मान डोलावली आणि पेटीवाल्यांना हाताने परतीची वाट दाखवली. सासूबाई खुर्चीत बसल्या. "दिवे लागले गे, ऊर्मी," त्या म्हणाल्या. "उठव तिला."

ऊर्मीनं राणीला उभं केलं. कासोट्यामुळे ती परत झुकली. बायकांनी हळदकुंकू घेतलं, दोन्ही सुंडलं संपवली, सौम्यानं अडलेलं गाणं पुरं केलं. मांडवातल्या खुर्च्या आणल्याच होत्या म्हणून खाली रात्री लोक गप्पा मारत बसले आणि नागोजीराव आणि पद्मनाभ शेजारी शेजारी बसलेले दिसले. व्यंकटेश शिफ्टवरून आला, मांडव बघून धावत वर आला, सगळं ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता झोपला. रंजनी सौम्याच्या उरलेल्या इडल्या घेऊन रिकाम्या गाडीनं आवडीला गेली.  निघताना तिनं राणीचा पदर नीट केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊर्मी मीटिंगला बसली होती. पंखा आज तिनं दोनवर ठेवला होता, घाम पुसत होती, आणि राणी उभी होती. कालचं सगळं वेळ मारून नेण्यापुरतं होतं, हे न समजण्याइतकी ती भोळी नव्हती.

"राणी निजली कां?" आतून आवाज आला.

ऊर्मी उठून दारात गेली. थकल्या आवाजात म्हणाली, "आई, ती रीत खरी नाही ना. आता रोज कशाला? माझी मीटिंग चालू आहे."

सकवारबाई पलंगावर गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"रोज करायचें," त्या म्हणाल्या. "तूं विसरलीस तर पुढें तुझ्या सुनेला कोण शिकवणार?"